सरकीचा कान

बिंदुसरेच्या धरणालगत पाली गाव आहे. मेंढरं कातरण्यात पालीच्या धुळाजीचा हात धरणारा त्या अख्ख्या पट्ट्यात कुणी नव्हता. दिवाळी सरली की आणि पुन्हा उन्हाळ्याच्या तोंडाला वाड्यावस्त्यांवरून त्याला बोलावणं यायचं. मेंढी आडवी पाडायची, पाय बांधायचे, आणि मानेपासून शेपटीपर्यंतची लोकर अंगावरची गोधडी काढावी तशी अलगद सोडवून घ्यायची. कातडीला कधी साधा ओरखडा नाही. त्याची रीतच तशी होती. डावा हात आधी लोकरीखालून पुढं जायचा आणि कातर त्याच्या मागून चालायची. बोटांना गोचीड लागायची, काटा लागायचा, एखादं गळू गरम लागायचं. मग तो मालकाला तिथल्या तिथं बजावायचा, "हिच्या बरगडीखाली बघा बरं. पू धरलाय. आजच्या आज दवा करा." मालक केवढाही मोठा असो, धुळाजीचा आवाज कधी खाली गेला नाही.

पन्नाशी उलटली आणि त्याला दम लागायला लागला. आधी चढावर, मग सपाटीवर, मग नुसतं बसल्याजागी. बीडच्या डॉक्टरनं छातीचा फोटो बघितला आणि म्हणाला, चाळीस वर्षांची लोकर आत बसलीय बाबा, आता जनावरांपासून लांब राहा. एवीतेवी लोकर घेतंय कोण अशी वेळ आलीच होती. कातरलेली लोकर लोक ओढ्याच्या कडेला टाकून द्यायचे. घरची मेंढरं नेकनूरच्या बाजारात गेली. बायको मनकर्णा लोकांच्या रानात कापूस वेचायला जाऊ लागली आणि धुळाजी मेंढरं कोंडायच्या रिकाम्या वाडग्याकडे तोंड करून दिवसभर बसू लागला. वाडग्यात गवत उगवलं. ते उपटायचंही त्याच्या मनात यायचं नाही.

त्याची मुलगी स्वप्ना पुण्यात होती. कुत्र्यांना अंघोळ घालायच्या, त्यांचे केस कापायच्या एका दुकानात ती कामाला होती. गावात हे कळलं तेव्हा लोक पोट धरून हसले होते. ती दिवाळीला आली तेव्हा एक मोठा खोका घेऊन आली. दुकानात नवीन मशीन आली होती म्हणून जुनी तिला मिळाली होती. हातात धरायचं यंत्र न्हाव्याकडं असतं तसंच, पण त्याच्या मागून एक लांब नळी निघायची आणि ती घागरीएवढ्या डब्याला जोडलेली असायची.

"आबा, हे केस कापतंय आन् लगेच आत वढून घेतंय," स्वप्ना म्हणाली. "एक केस हवेत उडत न्हाई. तुमच्या छातीला तरास न्हाई."

"कुत्र्याची हजामत करू म्हनतीस मी?"

"मेंढराची करत हुतासा की. कातडी ती कातडीच."

धुळाजीनं खोका पायानं बाजूला सारला. पण दुसऱ्या दिवशी ती चुलीपाशी बसली असताना त्यानं खोका उघडून सगळे कंगवे एकापुढं एक मांडले होते. कुठला कंगवा लावला की केस किती राहतात, हे तो बोटानं मोजून बघत होता.

स्वप्नानं त्याला आठ दिवसांत शिकवलं. आधी मशीन लांब कोपऱ्यात चालू ठेवायची, कुत्र्याला आवाजाची सवय होऊ द्यायची. पातं तापलं का ते मनगटाला लावून बघायचं. गुंता असेल तिथं जोर करायचा नाही. उरलेलं त्याच्या हाताला आधीच येत होतं. बीडमधल्या एका डॉक्टरीणबाईचं कुत्रं, एका मास्तराचं, मांजरसुंब्याच्या एका ढाबेवाल्याचं, असं करत नाव पसरलं. लोकांच्या घरी जाऊन, त्यांच्याच ओसरीत बसून तो काम करायचा. एवढ्यासाठी आधी लोकांना पार संभाजीनगर गाठावं लागे. धुळाजीच्या चेहऱ्यावर पुन्हा थोडं रक्त दिसू लागलं. मनकर्णा शेजारणीला म्हणाली, "मानूस रातचं झोपाय लागलंय."

माघात एका सकाळी दारात पांढरी गाडी थांबली. शिवशंकर आण्णांची. मांजरसुंब्याच्या चौकातून थोडं आत गेलं की त्यांचा बंगला होता. शंभरावर एकर रान, पंचायत समितीचं राजकारण, दारात कायम माणसं. गाडीतून त्यांचा ड्रायव्हर पप्पू उतरला.

"मामा, आण्णांनी बलावलंय. मशीन घ्या सोबत."

बंगल्यात त्या दिवशी शुकशुकाट होता. शिवशंकर आण्णा स्वतः त्याला मागच्या खोलीत घेऊन गेले. खोलीत पलंग, पुस्तकांचं कपाट, भिंतीवर एका तरुण मुलीचा हार घातलेला फोटो. धुळाजीनं ओळखलं. आण्णांची एकुलती एक तेजश्री. पुण्याला कॉलेजात असताना तापाचं निमित्त झालं आणि चार दिवसांत गेली, त्याला दीड वर्ष झालं होतं. पलंगाखाली काहीतरी हललं.

"हिला सरकी म्हणतात," आण्णा म्हणाले. "तेजूनं आणलती. कापसाच्या बोंडात सरकी दिसती तसं नाक आन् डोळे दिसायचे, म्हणून सरकी. आता बघ काय अवस्था झालीय."

पलंगाखालून बाहेर आलं ते कुत्रं आहे हे सांगावं लागलं असतं. एके काळी पांढरे असलेले केस मळक्या पोतेऱ्याच्या रंगाचे झाले होते. एकमेकांत गुंतून, दाबून, पाठीवर त्यांची जाड घोंगडीच बनली होती. चालताना ती घोंगडी कातडीला ओढायची आणि कुत्री पाय आखडून टाकायची. खोलीत अत्तर शिंपडल्याचा वास होता आणि त्याच्याखाली दुसराही एक वास होता.

"किती दिवस झालं हात लावून?"

"तेजू गेल्यापासून कात्री लागली न्हाई. तिची आई, विजयमाला, लावूच देत न्हाई. म्हणती, तेजूनं विंचरलेले केस हायत ते." आण्णांनी दाराकडं बघितलं. "ती बीडला गेलीय. यायच्या आत उरकून टाक."

"बाईला ठाव हाय ना आण्णा?"

"मी सांगतो ना तिला. तू कर."

धुळाजीला काय ते उमगलं. पण आण्णांपुढं दुसऱ्यांदा विचारायची त्याची छाती झाली नाही. त्यानं कोपऱ्यात मशीन चालू केली आणि सरकीला पुढ्यात घेऊन नुसता बसून राहिला. बराच वेळ गेला. तिची थरथर थोडी कमी झाली तेव्हा त्यानं पाठीवरून सुरुवात केली. केसांची घोंगडी कातडीपासून इंच इंच सुटत होती, सुटे केस नळीतून डब्यात जात होते. खालची कातडी लालभडक, जागोजागी ओली. सरकी ओरडली नाही. मेंढराचंही असंच असतं, दुखलं तरी ते तोंडातून आवाज काढत नाही. धुळाजीला ते माहीत होतं, म्हणून तो तिच्या तोंडाकडं न बघता कातडीच्या थरथरीकडं बघत होता.

पाठ झाली, मागचे पाय झाले. मानेकडं आल्यावर मात्र तिनं डोकं बाजूला घेतलं. पुन्हा नेलं, पुन्हा बाजूला. धुळाजीनं मशीन खाली ठेवली आणि डावा हात केसांखालून डाव्या कानामागं घातला. बोटांना एकदम गरम लागलं. ओलं लागलं. तो दुसरा वास कुठून येतोय ते त्याला कळलं.

तेवढ्यात बाहेर गाडीचं दार वाजलं.

विजयमाला खोलीच्या दारात आल्या आणि थांबल्या. अर्धी भादरलेली, उघडीनागडी सरकी, जमिनीवर केसांचे घट्ट गठ्ठे. धुळाजी हात जोडून उभा राहिला. मशीन तशीच घुमत होती.

"कुणाला विचारलं?" त्या म्हणाल्या. आवाज अगदी बारीक होता. "कुणाला विचारून हात लावला हिला?"

"विजया, ऐक जरा," आण्णा मागून म्हणाले. "त्या जनावराचे हाल—"

"तेजूचा हात फिरलेला होता त्या केसांवरनं!" आता आवाज फुटला. "तिचं काय ऱ्हायलंय ह्या घरात? कपडे वाटले, पुस्तकं बांधून ठेवली. हे एवढं होतं, ते पण कापलं?"

त्या खाली बसल्या. जमिनीवरचे गठ्ठे त्यांनी गोळा केले. मग डब्याकडं बोट केलं. "ह्याच्यात काय हाय?"

धुळाजीनं मशीन बंद केली, डब्याचं झाकण काढून दिलं. विजयमालांनी हात आत घातला आणि घाणीनं चिकट झालेले केस मुठीमुठीनं काढून पदरात घेतले. इस्त्रीची साडी, हातात सोन्याच्या पाटल्या, आणि पदरात ते. धुळाजीला बघवेना.

"बाई, कानाच्या मागं जरा—" त्यानं तोंड उघडलं.

"तुमी जावा इथनं."

आण्णांनी त्याला डोळ्यानं खुणावलं. धुळाजीनं नळी गुंडाळली. दारात तो एकदा थबकला. एक वाक्य होतं, तोंडापर्यंत आलेलं. तिचा कान सडतोय. कुठल्याही धनगराच्या वाड्यावर त्यानं ते ठणकावून सांगितलं असतं. पण इथं फरशी चकचकीत होती, बाई रडत होती आणि आण्णा दार धरून उभे होते. त्यानं ते वाक्य गिळलं आणि गाडीत जाऊन बसला.

त्या दिवशी त्याला भाकरी गेली नाही. मनकर्णानं खोदून खोदून विचारलं तेव्हा त्यानं सगळं सांगितलं.

"मोठ्यांची घरं हायत ती," ती म्हणाली. "आपुन कावून मधी पडायचं? त्यांचं कुत्रं, त्यांचं दुःख."

त्यानं स्वप्नाला फोन लावला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आबा, कान ऊन लागला? वास येत हुता? मग थांबू नका. कान काळा पडला असंल तर जनावर वाचत न्हाई." त्यानं आण्णांना फोन केला. आण्णा बैठकीत होते. "सध्या तो विषय काढू नको रे धुळाजी. घरात जेवण बंद हाय," एवढं बोलून त्यांनी ठेवून दिला.

आज जाऊ, उद्या जाऊ करत चार दिवस गेले. पाचव्या दिवशी सकाळी धुळाजी कुणाला न सांगता रस्त्यावर आला. मशीन घेतली नव्हती, फक्त एक बारकी कात्री खिशात टाकली होती. घाट चढणाऱ्या जीपमध्ये बसून तो मांजरसुंब्याला उतरला आणि चौकातून बंगल्यापर्यंत चार ठिकाणी थांबत चालत गेला. फाटकात पप्पूनं त्याला अडवलं.

"मामा, माघारी जावा. आण्णा न्हाईत, आन् काकूंनी तुमचं नाव काढायचं न्हाई म्हणून सांगितलंय."

"आण्णांकडं न्हाई आलो. बाईकडं आलोय. बसतो मी हितं."

फाटकासमोरच्या दगडावर तो बसला. ऊन चढलं. छाती घरघरत होती. दुपार व्हायच्या बेताला विजयमाला स्वतःच फाटकाशी आल्या. त्यांचे डोळे सुजलेले होते.

"काय पायजे तुमाला?"

"काय नगं बाई. तिचा एक कान बघू द्या. केस नाही कापत. डावा कान तेवढा बघू द्या, मग पुन्हा तोंड दाखवणार न्हाई."

"दोन दिवस झाले, खात न्हाई ती," म्हणाल्या आणि वळल्या. पप्पूनं फाटक उघडलं.

सरकी पलंगावर होती. उठली नाही. विजयमालांनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. धुळाजीनं कात्रीच्या टोकानं कानामागचा गुंता थोडा थोडा सोडवायला घेतला. केसांखालचा कान दिसला. कान काळाठिक्कर पडला होता, फुगून दुप्पट झाला होता. आणि मुळाशी, मांसात रुतून बसलेलं, एक गुलाबी रबर होतं. लहान मुलींच्या केसांना लावतात तसलं, त्याला बारकं प्लास्टिकचं फूल.

त्यानं चटकन अंगठा त्याच्यावर ठेवला.

"काटा हाय बाई," तो म्हणाला. "बाभळीचा. आत मोडलाय."

"मामा, अंगठा काढा."

"डॉक्टरला बलवा, मी धरून—"

"अंगठा काढा म्हणते ना."

त्यानं काढला. विजयमाला खाली वाकल्या. त्यांना ते फूल दिसलं. त्यांनी बोटाच्या टोकानं ते चाचपलं.

"हे मी बांधलंय," त्या म्हणाल्या. "तेजूच्या वाढदिवसाला. ती असले दोन बुचडे बांधायची हिला, दोन्ही कानांपाशी. मला वाटलं, आपण पण बांधू. फोटो काढला. एक रबर दुसऱ्या दिवशी अंगणात घावलं. मला वाटलं दुसरं पण पडलं असंल कुठंतरी." त्यांनी बोटं मोजली. "चार म्हैने झाले मामा. चार म्हैने."

धुळाजीनं कात्री सरकवून रबर तोडलं. सरकी त्या वेळी पहिल्यांदा ओरडली.

पप्पूनं गाडी काढली आणि ते तिघं तिला घेऊन बीडला जनावरांच्या डॉक्टरकडं गेले. कान कापून टाकावा लागला. डॉक्टरनं सुई दिली, सलाईन लावलं, होईल तेवढं सगळं केलं. पण विष रक्तात उतरलंय, भरवसा देत नाही म्हणाला. विजयमाला तिला घरी घेऊन गेल्या. बोटानं तिच्या तोंडात ग्लुकोजचं पाणी घालत राहिल्या. सहाव्या दिवशी पप्पूचा फोन आला. "मामा, सरकी गेली सकाळी. रानाच्या बांधाला पुरली."

धुळाजीनं मशीन खोक्यात भरली आणि खोका माळवदाखाली उंच फळीवर टाकला. डॉक्टरीणबाईचा फोन आला, मास्तराचा आला. तो अंगात बरं नाही म्हणायचा. स्वप्ना फोनवर रागवायची, "तुमी काय केलं त्यात? तुमी गेलता तरी. दुसरं कुणी गेलं असतं का?" तो हूं हूं करायचा. गप्प बसून घालवलेले ते चार दिवस त्याच्या डोक्यातून जात नव्हते. मेंढरं गेली तेव्हा त्याला वाटलं होतं की आपल्या हातातलं काम गेलं. आता वाटत होतं, त्याहून मोठं काहीतरी गेलं, आणि ते कुणी नेलं नाही, त्यानंच त्या चकचकीत फरशीवर टाकून दिलं.

होळी होऊन गेली होती. ऊन तापायला लागलं होतं. दुपारची वेळ. पांढरी गाडी पुन्हा दारात थांबली आणि विजयमाला एकट्याच उतरल्या. त्या वाळल्या होत्या. मनकर्णा कामावर गेली नव्हती. तिनं गडबडीनं घोंगडी झटकून टाकली. विजयमाला त्यावर बसल्या. इकडं तिकडं काही न बोलता त्या धुळाजीला म्हणाल्या,

"मामा, एक विचारायला आले. घरात कुणी मला खरं सांगत न्हाई. डॉक्टर म्हणला, जनावराला एवढं कळत न्हाई. हे म्हणले, म्हातारी झालती. तुमी सांगा. तिला लई दुखत होतं का?"

मनकर्णानं नवऱ्याकडं बघून मान हलवली. नाही म्हणा. एवढंच तर म्हणायचंय.

धुळाजीनं बायकोची खूण बघितली. मग म्हणाला, "हो बाई. लई दुखत असंल. चार म्हैने."

"माझ्याच कुशीत झोपायची ती. रोज तिच्या मानेवर हात ठिवून झोपायचे मी. माझ्या हाताला कावून कळलं न्हाई?"

तो म्हणाला, "माझ्या हाताला पयल्या दिवशीच कळलं हुतं. तुमी जा म्हणला आन् मी गेलो. वरडून सांगाय पायजे हुतं, तुमी मारलं असतं तरी. ते चार दिवस माझ्याकडं लागत्यात बाई, तुमच्याकडं न्हाई."

"मी हाकललं होतं तुमाला."

"व्हय. पन मी ऐकाय नको हुतं."

मनकर्णानं चहा ठेवला. विजयमालांनी कप हातात घेतला आणि तसाच धरून बसल्या. चहावर साय धरली. बाहेर पप्पूनं एकदा हॉर्न वाजवला, आण्णांना दुपारी कुठंतरी जायचं होतं. विजयमाला हलल्या नाहीत.

मनकर्णानं पदरानं हात पुसले, त्यांच्या समोर उकिडवी बसली आणि विचारलं, "पोरगी कशी हुती वो तुमची?"

विजयमालांनी दचकून वर बघितलं. दीड वर्षात माणसांनी त्यांना बरंच काही सांगितलं होतं. मन घट्ट करा, देवाला आवडती झाली, आता घराकडं बघा. हे कुणी विचारलं नव्हतं.

"हट्टी होती," त्या म्हणाल्या. "लई हट्टी. चौथीत असताना एकदा..." आणि त्या सांगायला लागल्या.

पप्पूनं पुन्हा हॉर्न दिला, मग गाडी बंद करून तो सावलीला जाऊन बसला. धुळाजीचा श्वास वर लागला होता, डॉक्टरनं दिलेली दम्याच्या औषधाची फुंकणी त्याला आत जाऊन ओढायची होती. पण मधेच उठलं तर बाई थांबतील म्हणून तो छातीवर हात दाबून तसाच बसून राहिला.